नियम तिसरा

पाळकसाहेब कागद वाचत होते आणि माझं लक्ष त्यांच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे होतं. तीन-चार रात्री तरी या माणसाला धड झोप लागलेली नाही, हे ते दारातून आत आले तेव्हाच मी ओळखलं होतं. पहिला नियम, खोलीचं दार अर्धं उघडं ठेवायचं. दुसरा नियम, कुणाचीही भेट चाळीस मिनिटांच्या वर न्यायची नाही. तिसऱ्यापाशी ते अडखळले आणि त्यांनी घसा खाकरला.

"समुपदेशकाने भेटीस आलेल्या व्यक्तीस कोणत्याही कारणाने स्पर्श करू नये," त्यांनी वाचलं आणि मग कागद खाली घेऊन म्हणाले, "म्हणजे प्रार्थनेच्या वेळीसुद्धा, सिस्टर. हात धरायचा नाही."

"बरं," मी म्हटलं.

त्यांनी वादाची तयारी करून ठेवली असावी, कारण नुसतं 'बरं' ऐकून ते गोंधळले. मग उगीचच समजावत बसले. कमिटीचा ठराव आहे, आजकाल सगळ्याच चर्चच्या मंडळ्यांत असं करतात, तुमच्यावर कुणाचा अविश्वास नाही, वगैरे. मला मुलगा असता तर त्यांच्याच वयाचा असता. मी मध्येच विचारलं, झोप लागत नाही का तुम्हाला? ते लाजले. बाळ आठ महिन्यांचं आहे, रात्रभर रडतं, म्हणाले. मी म्हटलं, मग दुपारी तासभर आडवे व्हा, देव काही रागावत नाही. तेवढ्यात मुलांच्या वर्गातलं एक टेबल दोघांनी उचलून आणलं आणि माझ्या दोन खुर्च्यांच्या मधोमध ठेवलं. त्यावर कुणा कार्ट्याने कर्कटकाने मासा कोरला होता.

ते गेल्यावर मी टेबलाच्या या बाजूला बसून पाहिलं. समोरची खुर्ची फार लांब वाटली.

ही खोली म्हणजे चर्चच्या मागची अडगळ. आधी इथे फाटकी गीतपुस्तकं ठेवत. दारावर पाटी आहे 'समुपदेशन', पण तो शब्द कुणाच्या तोंडी बसत नाही. लोक म्हणतात, मागच्या खोलीतल्या सिस्टरकडे जाऊन या. चौतीस वर्षं मी बायकांच्या वॉर्डात काढली. निवृत्त झाले तेव्हा आधीचे म्हातारे पाळक म्हणाले, सिस्टर, तुम्हाला ऐकून घ्यायची सवय आहे, दर गुरुवारी बसाल का? सहा महिन्यांचा एक कोर्स केला, प्रमाणपत्र मिळालं आणि बसले. बसले ती नऊ वर्षं झाली. आता खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. माणसांचा नाही, दुखण्यांचा. तीच ती दुखणी, फक्त चेहरे बदलतात.

माझी एक पद्धत होती, ती कोर्समध्ये शिकवलेली नव्हती. माणूस समोर बसला की आधी त्याचं सगळं ऐकून घ्यायचं. मग म्हणायचं, चला, प्रार्थना करू या, आणि त्याचं मनगट हातात घ्यायचं. त्याला वाटायचं, सिस्टरची माया. माया असायचीच, नाही असं नाही, पण तीन बोटं बरोबर नाडीवर असायची. एक डोळा मिटलेला, दुसरा किलकिला, समोरच्या घड्याळावर. अर्ध्या मिनिटाची प्रार्थना, गुणिले दोन, आमेन.

हसू नका. देवाने मला सोडलं असं म्हणत एक शिक्षिका वर्षभर रडत होत्या. नाडी मंद, कातडी कोरडी, आवाज घोगरा. मी म्हटलं, बाई, आधी रक्त तपासून घ्या. गोळ्या सुरू झाल्या आणि सहा महिन्यांत देव परत आला. उपास-प्रार्थनेत एकाला दर्शन झालं, म्हणून लोक त्याच्या पाया पडायच्या बेतात होते. मी हात धरला तर घामाने गारढोण. साखर उतरली होती. लोक म्हणायचे, सिस्टरच्या हाताला गुण आहे. मीही ते ऐकून घ्यायचे.

या सवयीचं मूळ मात्र कुणाला सांगितलेलं नाही. आमचे हे पंप दुरुस्त करायचे. शेवटचं वर्षभर संध्याकाळी प्रार्थनेला बसले की पेंगायचे. मी कोपराने ढोसायचे, देवासमोर तरी जागे राहा म्हणायचे. जिन्यात मध्येच थांबायचे, तर मी वरून हाक मारायचे, पोट कमी करा. एके दिवशी कामावरून आले, साबण लावून हात धुता धुता बेसिनपाशीच खाली बसले, ते उठलेच नाहीत. हृदय महिनोन्महिने कुरकुरत असणार, असं डॉक्टर म्हणाले. जगाच्या नाड्या धरणारी मी, घरातलं मनगट काही कधी हातात घेतलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात कोण कुणाचा हात धरतं? तेव्हापासून जो समोर येईल त्याचा धरत सुटले.

म्हणून तिसरा नियम. कमिटीकडे माझ्याबद्दल एक निनावी चिठ्ठी गेली होती; तो माझ्यामुळेच झाला, हे मला पाळकसाहेबांनी सांगायची गरज नव्हती.

सात आठवड्यांपूर्वी एक मुलगी आली होती. मुलगी म्हणजे तिशीची असेल. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. तिचा नवरा आमच्या मंडळीचा ऑर्गनवाला. गोरापान, हसतमुख, सगळ्यांच्या मदतीला धावणारा. त्याच्या बोटांत देव आहे, असं मंडळीतल्या बायका म्हणतात, आणि तो वाजवतोही तसंच. ती म्हणाली, छातीत धडधडतं, जेवताना घास उतरत नाही, प्रार्थनेत मन लागत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, मी मनाशी ताळा जुळवून टाकला. चला, प्रार्थना करू या, म्हटलं आणि तिचं मनगट धरलं.

नाडी नुसती पळत होती. आणि खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं. सापडलं म्हटलं. तिने हात मागे ओढला. पेशंटने हात ओढला की नर्स घट्ट धरते, हाताला लागलेलं वळण ते. मी पुरतं मिनिटभर मोजलं, खात्री हवी म्हणून. एकशे अठ्ठावीस. डोळे उघडले तर तिचा चेहरा कागदासारखा झालेला आणि नजर माझ्या मुठीवर. मी तिला थायरॉइड तपासायला सांगितलं. ती हो म्हणाली, उठली आणि गेली.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर मी पायरीवर उभी होते. ऑर्गनवाला चारचौघांशी हसत गप्पा मारत होता आणि त्याच्या डाव्या हातात तिचं मनगट होतं. वीस मिनिटं तो बोलत होता. ती इकडची तिकडे झाली नाही. त्याची बोटं बरोबर तिथेच होती जिथे माझी होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्या दिवशी तिचा आजार मोजतच नव्हते, माझ्याच मुठीतली भीती मोजत होते. अशी चूक एखाद्या शिकाऊ पोरीनेही केली नसती. नंतर दोनदा तिच्या दुकानापर्यंत गेले आणि काचेतून तिला बघून परत आले. काय तोंडाने आत जाणार होते?

दुपारी तीनला पोस्टमन आले. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी सगळे पोस्टमनच म्हणतात. बायको गेल्यापासून दर गुरुवारी येतात. त्यांना काही सांगायचं नसतं. हवा कशी आहे, पाय कसे सुजलेत, झालं. मग आपणहून हात पुढे करतात. आजही टेबल बघून जरा थबकले, बसले आणि प्रार्थनेची वेळ झाली तशी त्यांनी हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून. कोरलेल्या माशावर.

मी सांगितलं, नवा नियम झालाय. त्यांनी मान हलवली. हात काही लगेच उचलला नाही. मी माझे हात मांडीवर धरून प्रार्थना म्हटली, त्यांनी आमेन म्हटलं आणि मग हात खिशात घातला. या माणसाला आठवडाभर दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही, हे मला ठाऊक होतं. न्हावीसुद्धा महिन्यातून एकदा. फार वाईट वाटलं, पण ज्या मुलीने चिठ्ठी लिहिली तिचंही खरं होतं. दोन्ही खरं असलं की माणसाने काय करावं, हे त्या प्रमाणपत्राच्या कोर्समध्ये नव्हतं.

"चर्चमध्ये बसतो जरा," ते उठताना म्हणाले. "ऑर्गन चाललाय. बरं वाटतं."

"कठड्यापाशी झोपू नका म्हणजे झालं," मी म्हटलं, तेव्हा कुठे ते हसले.

त्याचा किस्सा असा. आमच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. वेदीपुढच्या कठड्यापाशी कुणी गुडघ्यावर असेल, तोवर ऑर्गन थांबवायचा नाही. उपासना असो नाहीतर नुसता सराव असो. कुणी घालून दिली देव जाणे, पण मोडलेली मी पाहिलेली नाही. पोस्टमनांना एकदा प्रार्थना करता करता कठड्यावर डोकं टेकून झोप लागली आणि ऑर्गनवाल्याने ओळीने नऊ गीतं वाजवली. मंडळी अजून त्यांना चिडवते. मी स्वतः मात्र चार वर्षांत गुडघे टेकलेले नाहीत. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्यात. खाली बसलात तर उठवायला क्रेन लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मी मागच्या बाकावर बसून मान झुकवते.

साडेतीनला दारात सावली आली. तीच होती, चष्म्याच्या दुकानातली. हातात फुगलेली बॅग. तिने एकदा मागे वळून चर्चच्या बाजूला कान दिला. ऑर्गन चालू होता. मग ती आत आली. अर्धं उघडं दार तिला नको होतं, हे तिच्या मानेवरूनच कळत होतं. मी उठून दार लावलं. पहिला नियम तिथेच मोडला.

"ती चिठ्ठी मी लिहिली होती," ती उभ्या उभ्याच म्हणाली.

"ठाऊक आहे. बरं केलंस. बस."

ती बसली. टेबल मध्ये होतं ते तिला आवडलं असावं, बॅग मांडीवर घेऊन ती जरा सैल झाली. मी म्हटलं, त्या दिवशी मी तुझा हात धरून ठेवला, मला माफ कर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडली नाही. वेळ नव्हता तिच्याकडे.

"मारत नाहीत ते," ती म्हणाली. "कधी बोट लावलं नाही. फक्त धरतात."

"किती वेळ?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नसावं. तिने विचार केला.

"मी हो म्हणेपर्यंत."

मग तिने भरभर सांगितलं. माहेरी सांगितलं, सासूला सांगितलं, मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंना सांगितलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, चारचौघांत हात धरणारा नवरा मिळायला भाग्य लागतं. दुकान सुटायच्या आधीच तो बाहेर येऊन उभा राहतो, काळजी म्हणून. ती काय बोलली, कुणाशी बोलली, पगाराचं पाकीट कुठाय, सगळं तो मनगट धरून विचारतो, हळू आवाजात, हसत. मागच्या महिन्यात ती बहिणीकडे जायला निघाली होती. दुकानात दिसली नाही म्हणून तो सरळ बस-स्टँडवर आला आणि बसमधून तिला खाली उतरवून घेऊन गेला. लोक बघत होते. लोकांना वाटलं, किती जीव आहे बायकोवर.

"आज साडेचारची बस आहे," ती म्हणाली. "चारला त्यांचा सराव संपतो. मग ते दुकानावर जातात. मी अर्धी रजा टाकलीय, ते त्यांना ठाऊक नाही. पण दुकानातून स्टँड पाचच मिनिटांवर आहे." तिने पुन्हा ऑर्गनकडे कान दिला. "आणि मला एक विचारायचंय. देवासमोर वचन दिलंय मी. ते मोडलं तर पाप लागेल का?"

मी फार थकले होते. बायबलातली सोसण्याची वचनं मला पाठ आहेत आणि सुटकेचीही आहेत. दोन्ही मी नऊ वर्षं लोकांना वाटत आलेय, ज्याला जे पचेल ते. पण या मुलीला वचनं ऐकून ऐकून अजीर्ण झालं होतं.

"हे बघ," मी म्हटलं, "शास्त्र पाळकसाहेबांना जास्त कळतं. मला एक मनगट तेवढं कळतं, आणि तुझं मी धरणार नाही. तुझं तू धर."

तिला समजेना. मी माझा डावा हात टेबलावर ठेवला आणि उजव्या हाताची तीन बोटं अंगठ्याच्या रेषेत खाली सरकवून दाखवली. हाडाच्या आतल्या बाजूला, फार दाबायचं नाही. तिने केलं. सापडेना. मी टेबलाच्या या बाजूने सांगत राहिले, जरा वर, जरा आत. हात पुढे करून तिचं बोट जरासं सरकवलं असतं तर काम झालं असतं, पण मी माझे हात माझ्याकडेच ठेवले. मग एकदम तिचे डोळे मोठे झाले. सापडली.

"मी सुरू म्हटलं की मोज. थांब म्हटलं की थांब."

पलीकडे तो वाजवत होता, फार सुंदर वाजवत होता. अर्ध्या मिनिटाने मी थांब म्हटलं. एकोणसाठ, ती म्हणाली. म्हणजे एकशे अठरा.

मग मी तिला बहिणीच्या घराचं विचारलं. कुठे झोपतेस तिथे? ती म्हणाली, खिडकीपाशी लोखंडी खाट आहे, डोक्याशी बहिणीची शिलाई मशीन. बहीण दिवसभर मशीन चालवते. मागे एकदा गेले होते, तेव्हा त्या खडखडाटात मी दोन दिवस झोपूनच होते, बहीण म्हणाली, मेलीस की काय. हे सांगताना ती हसली. मी म्हटलं, आता डोळे मीट, त्या खाटेवर पड आणि मोज.

बेचाळीस. म्हणजे चौऱ्याऐंशी.

"हे मी मोजलेलं नाही," मी म्हटलं. "तू मोजलंस. त्याच हाताने, पाच मिनिटांच्या आत. ज्याने हे शरीर केलं, त्याला दोन्ही आकडे ठाऊक आहेत. पापाचं त्याला विचार. बस चुकवू नकोस."

तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. घड्याळात चारला दहा कमी होते. इथून स्टँड चालत वीस-पंचवीस मिनिटं. चारला सराव संपला तर तो आधी दुकानात, आणि ती तिथे दिसली नाही की सरळ स्टँडवर. गणित मलाही येत होतं. ती म्हणाली, आजही तसंच होणार. मी म्हटलं, मागच्या दाराने जा, शाळेच्या भिंतीकडून, मी इकडचं बघते.

"काय बघणार तुम्ही?"

"ते मला अजून सुचलेलं नाही. तू नीघ."

ती उठली. दारात वळून तिने माझ्याकडे पाहिलं. बॅग खांद्यावर होती आणि तिचा डावा हात तिच्याच उजव्या हातात होता. तशीच ती पायऱ्या उतरून गेली.

मी आतल्या दाराने चर्चमध्ये आले तेव्हा चार वाजत होते. ऑर्गन थांबला होता. तो कागद गोळा करत होता. पोस्टमन तिसऱ्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून ऑर्गनवाला छान हसला आणि म्हणाला, काय सिस्टर, आज इकडे? मी म्हटलं, सहज. तो म्हणाला, मी निघतोच आहे, हिला आणायचंय, एकटी येते हो, जिवाला घोर लागतो. आणि त्याने ऑर्गनचं झाकण खाली घेतलं.

मी कठड्याशी गेले. दोन्ही हातांनी कठडा धरला. आधी उजवा गुडघा खाली गेला, मग डावा. आतून असा आवाज आला की पोस्टमनांनीही ऐकला असेल. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मेले, असं मनात म्हटलं आणि कपाळ लाकडावर टेकलं.

मागे क्षणभर काहीच हललं नाही. मग झाकण वर गेलं आणि ऑर्गन सुरू झाला.

माझं नर्सचं घड्याळ अजून छातीशी असतं, उलटं लावलेलं, म्हणजे मान खाली घातली की आपल्याला सरळ दिसावं. चार वाजून तीन मिनिटं. मी प्रार्थना करायला गेले तर एक शब्द येईना. नऊ वर्षं दुसऱ्यांसाठी भराभर जोडलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. नुसते गुडघे होते. ठणका मांडीतून कमरेत, कमरेतून मणक्यात. ही प्रार्थना होती की लबाडी, हे मला आजही सांगता येत नाही. चार दहाला आमचे हे आठवले. जिन्यात मध्येच थांबलेले, कठडा धरून. मी वरून हाक मारत होते आणि ते तिथे उभे होते, असेच, लाकूड घट्ट धरून. मग रडू आलं, आणि तेच काय ते देवाला मिळालं असेल.

चार सतराला त्याने समाप्तीचं गीत वाजवलं, जरा घाईने. मी हलले नाही. त्याने ते पुन्हा वाजवलं, मोठ्याने. ऑर्गनवर छोटा आरसा आहे, त्यात त्याला कठडा दिसतो. तो खाकरला. चार बावीसला मधेच सूर तुटले.

"सिस्टर, बरं आहे ना तुम्हाला?" त्याने विचारलं. बाक सरकल्याचा आवाज आला.

मी कपाळ उचललं नाही. तेव्हा मागून पोस्टमन बोलले. "कुणीतरी गुडघ्यावर आहे, मास्तर," ते म्हणाले. त्यांचा आवाज कधी एवढा ठाम ऐकला नव्हता. "माझ्या वेळी तुम्ही नऊ वाजवली होती."

बाक परत पुढे सरकला. सूर सुरू झाले, आता त्यांत देव बिव काही नव्हता. पोस्टमन हळूहळू चालत आले आणि माझ्या शेजारी टेकले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं असेल, सिस्टर दुःखात आहे, आणि ते खोटंही नव्हतं. त्यांनी हात कठड्यावर ठेवला. खोलीचा नियम खोलीत, असं म्हणून मी तो धरला. गरम होता, कोरडा होता. मी मोजलं नाही. नुसता धरून ठेवला.

चार तीस. चार पस्तीस. चार चाळीसला मी पोस्टमनांना म्हटलं, चला, आमेन म्हणा. ते कठड्याच्या आधाराने उठले. मला उठता येईना. एक गुडघा उचलला तर दुसरा बधिर. ऑर्गन धाडकन बंद झाला आणि तो धावत आला, हसतमुखच, आणि त्याने माझं मनगट धरून मला वर ओढलं.

ताकद होती हाताला. मी उभी राहिले. त्याची चार बोटं माझ्या नाडीवर आणि अंगठा हाडावर, बरोबर तिथेच. त्या बोटांखाली माझीच नाडी मला ऐकू येत होती, कानांपर्यंत. चौतीस वर्षांत कुणी माझं मनगट असं धरलं नव्हतं.

"उभी आहे मी," मी म्हटलं. "सोडा आता."

"पडाल, सिस्टर," तो प्रेमाने म्हणाला. सोडलं नाही.

"कमिटीने नियम केलाय," मी म्हटलं. "तिसरा. हात लावायचा नाही. सोडा."

तो हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. पकड एकदा घट्ट झाली आणि सुटली. त्याने पोस्टमनांकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, कागद काखेत मारले आणि लांब लांब ढांगा टाकत तो बाहेर गेला. बस सुटून तेरा मिनिटं झाली होती.

पोस्टमनांनी खुर्ची आणून दिली. एवढी कुणासाठी प्रार्थना केलीत, त्यांनी विचारलं. गुडघ्यांसाठी, मी म्हटलं. ते मान हलवत टोपी शोधायला गेले. मी बाही वर केली. चार बोटं लालभडक उमटली होती आणि आतल्या बाजूला अंगठा. ती पुसट होईपर्यंत मी तिथेच बसून राहिले.